तिसऱ्या थरातलं आयोडिन

वादळ किनाऱ्यावरून जाऊन दीड दिवस झाला होता आणि सावलीच्या नकाशावर अजून एकही गाव लाल झालेलं नव्हतं.

राजवेलच्या आपत्कालीन केंद्रात समोरच्या भिंतीवर तो नकाशा लावलेला होता. खारवणेपासून थेट घाटापर्यंत हिरवागार. येणारा जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडे एक नजर टाकायचा आणि जरा सैल होऊन पुढे जायचा. हेमांगी तोरसकरचं मात्र नकाशाकडे लक्ष नव्हतं. तिच्या पुढ्यातल्या छोट्या पडद्यावर एक आकडा होता. तो जेवढा असायला हवा होता त्याच्या जवळपास शंभरपट होता. तिने तो तीनदा पुन्हा मागवला. तीनही वेळा थोडा थोडा वाढूनच आला.

"दळवीसर, जरा इकडे येता?"

विश्राम दळवी केंद्राचे प्रमुख. वादळाच्या आदल्या दिवसापासून ते घरी गेले नव्हते आणि दाढीचे खुंट वाढल्यामुळे एकदम म्हातारे दिसू लागले होते. त्यांनी वाकून आकडा पाहिला आणि शेजारी सावलीने लिहिलेली ओळ वाचली. 'संवेदक सदोष असण्याची शक्यता सत्त्याण्णव टक्के.'

"मग झालं तर," ते म्हणाले. "तुमच्याच मशीनने सांगितलंय."

तुमचंच मशीन. ते काही खोटं नव्हतं.

खारवणेच्या अणुवीज केंद्रावर काय झालं ते एव्हाना सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. वादळाने बाहेरून येणारी वीज तोडली. डिझेलवर चालणारी यंत्रं ठरल्याप्रमाणे सुरू झाली, पण समुद्राने एवढा गाळ ढवळून आणला की थंड पाणी ओढणारे पंप चिखलच ओढू लागले. दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीतलं पाणी खाली गेलं, इंधन काही तास उघडं पडलं आणि त्यातलं काही वितळलं. भोवतालची जाड काँक्रीटची इमारत शाबूत होती. त्यामुळे जे काही बाहेर पडलं ते त्या इमारतीतच कोंडलं गेलं. पण आत वाफ साठत होती, दाब चढत होता, आणि इमारतीला तडा जायचा नसेल तर दुपारपर्यंत ती वाफ पाण्याच्या गाळणीतून आकाशात सोडावी लागणार होती.

सोडलेल्या वाफेबरोबर काय काय जाईल, हे सांगायचं काम सावलीचं होतं.

सावली म्हणजे त्या अणुभट्टीची संगणकातली जुळी बहीण. आतलं तापमान, पाणी, वाफ, धूळ, भिंतींवरचा रंगसुद्धा तिच्यात होता, आणि इंधनातून निसटलेला प्रत्येक पदार्थ या क्षणी कुठे आहे याचा हिशेब ती सतत करत असायची. ती येण्यापूर्वी नियम सोपा होता. नकाशावर कंपासने एक वर्तुळ काढायचं आणि आतली सगळी माणसं हलवायची. जगात इतरत्र अशी वर्तुळं काढली गेली तेव्हा कित्येक म्हातारी आणि आजारी माणसं किरणांनी नव्हे, तर त्या हलवाहलवीनेच दगावली होती. इस्पितळातून बसमध्ये, बसमधून शाळेत, शाळेतून दुसऱ्या बसमध्ये. म्हणून वर्तुळाऐवजी सावली आली. जे गाव खरोखर धोक्यात आहे तेवढंच लाल होणार आणि तेवढंच हलणार. लोकांनीही ते मान्य केलं. सावलीचा नकाशा आता किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोबाइलमध्ये असायचा.

सावलीला आयोडिन शिकवलं ते हेमांगीने. आठ वर्षं तिने तेच केलं होतं.

शाळेच्या प्रयोगशाळेत आयोडिनचे काळे खडे तापवले की जांभळी वाफ उठते, ती पुष्कळांनी पाहिलेली असते. अणुभट्टीच्या इंधनात तयार होणारं आयोडिन रंगारूपाने तेच, फक्त किरणोत्सारी. दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं, म्हणजे दोनअडीच महिन्यांत जवळपास संपतं, पण तेवढ्या काळात ते माणसाच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं. लहान मुलांची ग्रंथी तर त्याच्यासाठी वखवखलेलीच असते. सुदैवाने इंधनातून बाहेर पडताना आयोडिन बहुधा एकटं नसतं. सीझियम नावाच्या धातूचा हात धरूनच ते निघतं. दोघांचं मिळून मिठाच्या जातीचं एक संयुग होतं, आणि मिठासारखंच ते इमारतीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात विरघळून जातं. पाणी अल्कधर्मी असेल, साबणाच्या पाण्यासारखं, तर आयोडिन तिथे निमूट पडून राहतं. त्यासाठीच इमारतीच्या तळाशी फॉस्फेटने भरलेल्या जाळीच्या पेट्या ठेवलेल्या असतात. पाणी आलं की त्या आपोआप विरघळतात.

पाणी आंबट झालं, की मात्र गोष्ट उलटते. किरणांच्या माऱ्यात तेच आयोडिन सुटं होतं आणि पाणी सोडून हवेत चढतं. भिंतींना चिकटतं. भिंतीवरच्या रंगातला थोडा कार्बन उचलून त्याचं मिथिल आयोडाइड बनतं. त्या वायूला पाण्याची गाळणी फारशी अडवू शकत नाही. तो तिच्यातून बुडबुड्यासारखा वर येतो आणि निघून जातो.

सावलीच्या हिशेबाने आतलं पाणी अल्कधर्मी होतं आणि जवळजवळ सगळं आयोडिन त्यात विरघळलेलं होतं.

हेमांगीच्या पुढ्यातला आकडा मात्र वेगळंच सांगत होता. इमारतीतून एक बारीक नळी आतली हवा थोडी थोडी बाहेरच्या डबीत आणायची. डबीत तीन थर होते. पहिला कागदाचा, धुळीसाठी. दुसरा चांदीच्या जाळीचा, सुट्या आयोडिनसाठी. तिसरा खास कोळशाचा, मिथिल आयोडाइडसाठी. पहिले दोन थर शांत होते. तिसरा तापला होता, शंभरपट किरणोत्साराचा तो आकडा त्याचाच.

"कोळसा वाफेने भिजला असेल," दळवी म्हणाले.

"भिजला तर कमी पकडेल, सर. जास्त कसा पकडेल?"

दळवींनी खुर्ची ओढली. ते मूळचे पदार्थविज्ञानाचे, सहजासहजी गप्प बसणारे नव्हते. "मग झेनॉन असेल. तो आत ढिगाने आहे. कोळशाच्या छिद्रांत जाऊन बसला असेल, आणि इतक्या गदारोळात मोजयंत्राला झेनॉन काय आणि आयोडिन काय."

हे मात्र खरं असू शकत होतं. झेनॉन हा तसा निरुपद्रवी वायू. तो कशाशी जोडला जात नाही, शरीरात राहत नाही, हवेबरोबर विरून जातो. तिसऱ्या थरात झेनॉन असेल तर घाबरायचं काहीच कारण नव्हतं.

"धुऊन बघू या," ती म्हणाली. "डबीतून स्वच्छ हवा सोडू. झेनॉन असेल तर निघून जाईल. आयोडिन असेल तर राहील."

"किती वेळ लागेल?"

"पाऊण तास तरी."

दळवींनी दाबाच्या रेषेकडे पाहिलं. "करा," ते म्हणाले.

स्वच्छ हवा सुरू केली आणि ती बाहेरच्या व्हरांड्यात पाणी प्यायला आली. तेवढ्यात फोन वाजला. सुनीतीवन्सं.

सुनीती ही तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. हेमांगीच्या पिढीत नणंदेला कुणी वन्सं म्हणत नव्हतं. लग्नात गमतीने मारलेली हाक, ती पुढे तशीच राहिली. सुनीती पस्तीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होती आणि निवृत्तीनंतर तळेकोंडला तिने म्हाताऱ्या माणसांसाठी एक घर चालवायला घेतलं होतं. हेमांगीचा नवरा कपिल जहाजावर, सध्या कुठेतरी आफ्रिकेच्या दक्षिणेला. म्हणून दिवाळीच्या सुटीत नऊ वर्षांची इरा आत्याकडे होती. तळेकोंड खारवणेपासून जेमतेम सात किलोमीटरवर.

"कामात आहेस का गो?"

"बोला, वन्सं."

"नकाशात आम्ही हिरवे आहोत, ते बघितलं मी. सकाळपासून ज्याच्या त्याच्या हातात तो मोबाइल. पण लोक मला येऊन विचारतात, तुमची भावजय तिथे बसलीय, तिला विचारा. मला आकडे नकोत. जायचं की राहायचं, एवढं सांग. माझी अकरा माणसं अंथरुणाला आहेत. गुरवकाकांना ऑक्सिजन लागतो. त्यांना उगाच हलवायचं म्हणजे काय ते तुला माहितेय."

केंद्राचा नियम होता. घटना चालू असताना कुणीही बाहेरच्या माणसाला स्वतःचं मत द्यायचं नाही. एका फोनने अख्खं गाव रस्त्यावर येतं. बोलायला परवानगी होती ती एकाच वाक्याची, 'नकाशा पाळा.' हेमांगीने ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण ते तिला म्हणवेना. त्यावर तिचा आत्ता विश्वास नव्हता. 'निघा' म्हणावं, तर त्यावरही नव्हता. तिसऱ्या थरात काय आहे ते तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नसणं ही गोष्ट फोनवर कशी सांगायची हे तिला सुचलं नाही. पलीकडे कुणीतरी खोकत होतं. लहान मुलांचा गलका ऐकू येत होता. घराच्या पुढच्या पडवीत गावची अंगणवाडी भरायची.

"हेमांगी?"

"इरा कुठे आहे?" तिने विचारलं.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"इथेच आहे," सुनीती म्हणाली. "बरं. कळलं मला."

फोन बंद झाला. काय कळलं, हे हेमांगीला कळलं नाही. तिने परत फोन लावायचा विचार केला, पण आतून कुणीतरी तिला हाक मारली.

पाऊण तासाने तिसऱ्या थराचा आकडा निम्म्यावर आला होता.

शून्यावर आला असता तर झेनॉन. होता तिथेच राहिला असता तर आयोडिन. निम्म्याचं काय करायचं? हेमांगी आणि दळवी दोघं त्या आकड्याकडे पाहत उभे राहिले.

"म्हणजे आपण दोघंही बरोबर," दळवी म्हणाले.

"किंवा दोघंही चूक. हवा आणखी सोडली तर आणखी उतरेल कदाचित. उतरणारही नाही."

"आणखी सोडायला वेळ नाहीये."

ती पुन्हा बसली. सावलीच्या पोटात शिरून तिने पाण्याचा हिशेब उघडला. पाण्याची अल्कता दाखवणारा आकडा व्यवस्थित होता, जिथे असायला हवा तिथे. मग तिच्या लक्षात आलं की पाण्यातला मोजणारा दांडा पहिल्याच तासात बंद पडला होता. आकडा मोजलेला नव्हता, सावलीने मानलेला होता. फॉस्फेटच्या पेट्या बुडल्या असतील असं धरलं, तर तो बरोबर. पण त्या खरंच बुडल्या होत्या का? इतकी वर्षं समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत राहून फॉस्फेटचा दगड झाला असेल तर? वरच्या केबली जळाल्या असतील, तर त्यांच्या प्लॅस्टिकमधून निघालेलं आम्ल किती? हवेतल्या नायट्रोजनपासून किरणांनी बनवलेलं आम्ल किती? एकेक गोष्ट ती धरून पाही. एका बाजूने सावली खरी ठरायची, दुसऱ्या बाजूने डबी. आठ वर्षांत तिने जे जे सावलीला शिकवलं होतं तेवढंच सावलीला माहीत होतं. जे हेमांगीने कधी पाहिलंच नव्हतं, ते या दोघींपैकी कुणालाच दिसणार नव्हतं.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, तिला तिच्याच डोक्याचा भरवसा वाटेना. डबी खरी वाटते ती रसायनशास्त्रामुळे, की तळेकोंडच्या पडवीत इरा आहे म्हणून?

"तुमचं मत काय?" दळवींनी विचारलं. "नकाशा बदलायचा असेल तर सावली चुकतेय असं कुणीतरी म्हणायला लागेल. ते तुमच्याशिवाय कुणाच्या तोंडचं चालणार नाही. आणि तुम्ही तसं म्हणालात, तर उद्यापासून हिरव्या रंगावर कुणी विश्वास ठेवणार नाही. लाखभर माणूस एकदम घाटाकडे पळेल."

"माझी मुलगी तळेकोंडला आहे, सर."

दळवींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना हे माहीत नव्हतं.

"ती तिथे नसती तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"तेच मला कळत नाहीये."

दळवी खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा आवाज उतरलेला होता. "सावली चुकतेय असं म्हणू नका. जे माहीत आहे आणि जे नाही, तेवढंच सांगा. मी ते जिल्हाधिकाऱ्यांच्या कानावर घालतो."

तिने सांगितलं. इमारतीच्या छतातल्या फवाऱ्याच्या नळांतून आत अल्क सोडावं. पाणी आंबट झालं असेल तर सुधारेल, झालं नसेल तर बिघडणार काहीच नाही. त्यासाठी वाफ सोडणं शक्य तितकं लांबवावं. किनाऱ्यालगतच्या चार गावांतली मुलं आणि गरोदर बायका राजवेलच्या शाळेत आणाव्यात, त्यांना आयोडिनच्या गोळ्या द्याव्यात, म्हणजे ग्रंथी साध्या आयोडिनने आधीच भरून जाईल आणि वाईट आयोडिनला जागा उरणार नाही. म्हाताऱ्या माणसांना मात्र मुळीच हलवू नये. सत्तरीपुढच्या ग्रंथीला या आयोडिनचा धोका इतका थोडा, की त्याहून गाडीतले धक्के वाईट. दारंखिडक्या लावून घरात बसावं.

जिल्हाधिकाऱ्यांनी तीन प्रश्न विचारले आणि होकार दिला. गाड्या निघाल्या. आत अल्क जाऊ लागलं. हेमांगीला पहिल्यांदाच श्वास घेतल्यासारखं वाटलं. आता नियमाचाही अडसर नव्हता. हुकूमच निघाला होता. तिने सुनीतीला फोन लावला.

तो वाजत राहिला. तिने पुन्हा लावला. चौथ्या वेळी तिने तळेकोंडच्या पोलीस पाटलांचा नंबर शोधून काढला.

"सुनीतीताई?" पाटील म्हणाले. "त्या गेल्या की. दोन टेम्पो आणि शाळेची बस करून सगळ्यांना घेऊन गेल्या. म्हातारी माणसं, अंगणवाडीतली पोरं, तुमची मुलगी. मी म्हटलं, नकाशा हिरवा आहे. तर म्हणाल्या, नकाशापेक्षा मला पक्कं कळलंय."

"कधी?"

"झाला की दीडेक तास. घाटाकडे गेल्या."

घाटात वादळाने झाडं पाडली होती. एक बाजू मोकळी केली होती, पण सकाळपासून वाहनांची रांग हलत नव्हती हे केंद्रातल्या पडद्यावर दिसत होतं. आणि दुपारचा वारा समुद्राकडून येतो, खाडीच्या तोंडातून आत शिरतो आणि दरीदरीने घाट चढतो. हे सांगायला सावलीची गरज नव्हती. किनाऱ्यावरच्या कुणालाही ते ठाऊक असतं.

"सर, थोडं थांबता येईल?"

"किती?"

तिने पडद्यावरच्या घाटातल्या रांगेकडे बोट केलं. दळवींनी तिला दाबाची रेषा दाखवली. ती लाल पट्ट्याच्या आत गेली होती. "आणखी थांबलो आणि भिंत उघडली, तर पाण्यातलं, हवेतलं, सगळंच बाहेर येईल," ते म्हणाले. "मग घाट काय आणि तळेकोंड काय."

"हो," हेमांगी म्हणाली.

झडप उघडली. पडद्यावर काही घडलं नाही. दाबाची रेषा तेवढी हळूहळू खाली वळली. केंद्रात दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या आणि मग थांबले. घाटातल्या पोलिसांना काचा लावून घ्यायला सांगा, असा निरोप गेला. सुनीतीच्या दोन टेम्पोंना काचा नव्हत्या, मागे ताडपत्री होती.

रांग सुटायला तासाहून जास्त वेळ लागला. त्या दोन टेम्पोंपैकी एकात अनंत गुरवकाकांचा सिलिंडर संपला. दुसरा सिलिंडर बसमध्ये होता आणि बस रांगेत पुढे निघून गेली होती. सुनीती रस्त्यावरून पळत बसपर्यंत गेली आणि सिलिंडर घेऊन परत आली, तोवर उशीर झाला होता.

त्या आठवड्याच्या शेवटी राजवेलच्या हायस्कुलात गळे तपासायचं आठवडाभराचं शिबिर सुरू झालं. हेमांगी स्वतःहून तिथे कामाला गेली. केंद्रात बसवत नव्हतं. तिथे सगळेच तिला विचारत होते आणि प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होता. किनाऱ्यावरच्या गवताचे नमुने तपासले तेव्हा त्यात आयोडिन जवळजवळ नव्हतंच. सावलीची बाजू घेणारे म्हणाले, बघा, ती बरोबर होती. पण मिथिल आयोडाइड गवतावर फारसं बसतच नाही. ते वाऱ्याबरोबर पुढे जातं. घाटातल्या हवेच्या डब्यांत ते सापडलं होतं. सावलीने सांगितलं होतं त्याहून बरंच जास्त, हेमांगीला भीती वाटली होती त्याहून बरंच कमी. आत सोडलेल्या अल्कामुळे कमी झालं, की मुळातच तेवढं होतं? तळाशी पेट्या बुडाल्या होत्या की कोरड्या राहिल्या होत्या? त्या इमारतीत जाऊन पाहायला अजून काही वर्षं कुणालाच जमणार नव्हतं.

तळेकोंडला मागे राहिलेल्या मुलांना गोळ्या वेळेवर मिळाल्या. त्यांचे गळे स्वच्छ निघाले. घाटात अडकलेल्या मुलांच्या गळ्यात थोडं थोडं आयोडिन होतं. इराच्याही. मोजणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजीचं फारसं नाही, पण दर वर्षी दाखवत जा. इराने विचारलं, "म्हणजे मी आजारी आहे का?" हेमांगी म्हणाली, "नाही." आणि मग तिचं तिलाच वाटलं की आपण हे फार पटकन म्हणालो.

सुनीती तिच्याशी बोलत नव्हती. गुरवकाकांच्या मुलाने पुण्याहून येऊन सुनीतीला, तुम्ही त्यांना हलवलंतच का, असं विचारलं होतं, आणि त्यावर तिने हेमांगीचं नाव घेतलं नव्हतं. हे हेमांगीला इराकडून कळलं.

शेवटच्या दिवशी मोठ्या माणसांची रांग होती. हेमांगी मोजयंत्र हातात धरून एकेकाच्या गळ्याला लावत होती. मान वर केली तर समोरच्या खुर्चीत सुनीती. मागे तळेकोंडची दहाबारा माणसं उभी होती.

"मला वाटलं, तू इथे नसशील," सुनीती म्हणाली.

"मी दुसऱ्या कुणाला बोलावू का?"

"नको. लाव."

हेमांगीने यंत्र तिच्या गळ्याला टेकवलं. आकडे फिरू लागले. त्याला मिनिटभर लागायचं आणि त्या वेळात हलायचं नसे, म्हणून सुनीती समोर बघतच बोलली.

"त्या दिवशी तू इरा कुठेय विचारलंस. मला वाटलं, हिला सांगता येत नाहीये, म्हणून असं सुचवतेय. पोरीला घेऊन पळा म्हणतेय. मग मी म्हटलं, पोरीला न्यायचं आणि ह्या म्हाताऱ्यांना मागे ठेवायचं, हे मला नाही जमणार. म्हणून सगळ्यांना उचललं."

"मी काही सुचवत नव्हते, वन्सं."

"मग?"

"मला माहीत नव्हतं. जावं की राहावं, खरंच माहीत नव्हतं. तिची आठवण झाली, म्हणून विचारलं."

आकडे थांबले. सुनीतीने मान हलवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

"तेवढंच म्हणायचं होतंस. मला माहीत नाही, असं. इस्पितळात मी पस्तीस वर्षं डॉक्टरांच्या तोंडून ते ऐकलंय. त्याने माणूस मरत नाही. मग मी पोरांना पाठवलं असतं. काकांना बहुतेक ठेवलं असतं." ती थांबली. "बहुतेक. तेही आता काय सांगू."

मागच्या रांगेतली माणसं सरळ त्या दोघींकडेच बघत होती. आपण ऐकतोय हे ती लपवत नव्हती.

"किती आलं?" सुनीतीने यंत्राकडे हात करून विचारलं.

"थोडं आहे."

"थोडं म्हणजे चांगलं की वाईट?"

शिबिरात अशा प्रश्नाला द्यायचं उत्तर ठरलेलं होतं. आकडा मर्यादेच्या आत आहे, काळजी करू नये. आठवडाभर हेमांगीने ते शेकडो वेळा म्हटलं होतं. आता तिने यंत्र टेबलावर ठेवलं, एक खुर्ची ओढून सुनीतीच्या समोर घेतली आणि बसली.

"सांगते," ती म्हणाली. "पण मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगता येईल. मध्ये मध्ये मला नाही ठाऊक असंही म्हणेन. चालेल?"

"चालेल," सुनीती म्हणाली.

मागे उभे असलेले पाटील दोन पावलं पुढे आले. त्यांच्या शेजारची एक बाई कडेवरचं मूल सावरत खाली जमिनीवर बसली, मग तिच्याजवळ आणखी दोघी. हेमांगीने सुनीतीचा आकडा त्यांना दिसेल असं यंत्र फिरवलं आणि इंधन तापतं तेव्हा आयोडिन कुठून निघतं, तिथपासून सुरुवात केली.